अग्निबाणाचे अवतरण



स्मृतिव्याख्यानासाठी मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने अग्निबाणाचा विषय निवडावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु सीमाभागातील मराठी शाळेत नवे विज्ञान मराठीतूनच मांडले गेले पाहिजे, अशी माझी धारणा आहे. केवळ स्मरणावर भाषा जगत नाही.

उड्डाणाचे आपण कौतुक करतो. उतरणे मात्र सोपे मानतो. अमेरिकेतील स्पेसएक्स कंपनीच्या ‘फाल्कन ९’ या अग्निबाणाचा पहिला टप्पा पाहावा. नऊ इंजिनांनी वरचा भार रेटून दिला की तो विलग होतो. त्या वेळी त्याचा वेग ध्वनीच्या कित्येक पट असतो. दाट वातावरणात शिरताना काही इंजिने पुन्हा पेटवून तो वेग आवरावा लागतो. पुढे जाळीसारखे चार पंख दिशा देतात. या परतीसाठी इंधन राखावे लागते आणि तेवढ्या प्रमाणात उपग्रहाचा भार कमी न्यावा लागतो.

खरी कसोटी अखेरच्या क्षणांची. टाक्या रिकाम्या होत आल्याने टप्पा इतका हलका झालेला असतो, की एकाच इंजिनाचा किमान जोरही त्याच्या वजनाहून अधिक भरतो. त्यामुळे हेलिकॉप्टरप्रमाणे अधांतरी थांबण्याची सोय नाही. इंजिन लवकर पेटले तर टप्पा हवेतच थांबून पुन्हा वर जाऊ लागेल. उशिरा पेटले तर आदळेल. उंची आणि वेग, दोन्ही एकाच क्षणी शून्यावर यावे लागतात.

जानेवारी २०१५ मध्ये पंख वळवणारे हायड्रॉलिक तेल संपले आणि टप्पा समुद्रातील तराफ्यावर आदळला. एप्रिलमध्ये इंजिनाचा जोर आवरणारी झडप अडखळली आणि तो कलंडला. २१ डिसेंबर २०१५ रोजी केप कॅनव्हेरल येथे मात्र तो सरळ उभा राहिला. पुढच्याच महिन्यात आणखी एक टप्पा तराफ्यावर टेकला. पण एका पायाची कळ बसली नाही, आणि तोही कोसळला. ८ एप्रिल २०१६ रोजी तराफ्यावर सुखरूप उतरलेला टप्पा मार्च २०१७ मध्ये पुन्हा अवकाशाकडे झेपावला.

विद्यार्थी मित्रहो, यश लाभल्यावरही अपयश आले, आणि त्याचे कारण एका कळीपर्यंत शोधले गेले. ही चिकित्सक वृत्ती अंगी बाणवा. मी हे तुमच्या शाळेच्या भाषेत सांगितले. त्यामागील गणित तुम्ही याच भाषेत मांडून दाखवावे, एवढीच अपेक्षा व्यक्त करून आपली रजा घेतो.