'आर्ट्‌स'ला जाऊन डॉक्टर?
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात पालकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



अमेरिकेतल्या आमच्या लेकीने डॉक्टर व्हायचं ठरवलं आणि एका लहानशा लिबरल आर्ट्‌स कॉलेजात प्रवेश घेतला. तेव्हा आई-बाबांच्या विंगमधून पहिला प्रश्न आला, "अगं, आर्ट्‌सला घातलंस? मग डॉक्टर कशी होणार?" आज आपल्या बऱ्याच घरांतली मुलं-नातवंडं तिकडे आहेत, म्हणून या प्रश्नाचं नीट उत्तर देते.

बारावी, नीट आणि लगेच एमबीबीएस, असं तिकडे नसतं. आधी चार वर्षांची पदवी, मग चार वर्षांचं मेडिकल स्कूल, त्यानंतर रेसिडेन्सी. 'प्री-मेड' ही वेगळी पदवी नव्हे. बायॉलॉजी, केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री, फिजिक्स, बायोकेमिस्ट्री हे विषय प्रयोगशाळेसकट पूर्ण करायचे, एवढाच त्याचा अर्थ. मुख्य विषय इतिहास किंवा संगीत असला तरी चालतो.

आणि हे 'आर्ट्‌स' म्हणजे आपली आर्ट्‌स शाखा नव्हे. तिथे विज्ञान आणि गणितही त्यातच येतं. १९८९चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालेले थॉमस चेक आयोवातल्या ग्रिनेल कॉलेजचे. २०२०चं नोबेल मिळालेल्या जेनिफर डाउडना कॅलिफोर्नियातल्या पोमोना कॉलेजच्या. दोन्ही अशीच लहान कॉलेजं.

लहान असण्याचा फायदा काय? मोठ्या विद्यापीठात पहिल्या वर्षी केमिस्ट्रीच्या एका वर्गात दोन-तीनशे मुलं बसतात आणि प्रॅक्टिकल बहुधा पीएचडी करणारे विद्यार्थी घेतात. लहान कॉलेजात पीएचडीचे विद्यार्थी जवळजवळ नसतातच. त्यामुळे प्राध्यापक स्वतः शिकवतात आणि संशोधनात पदवीच्या मुलांनाच हाताशी घेतात. मेडिकलच्या अर्जाला प्राध्यापकांची पत्रं लागतात. ज्यांनी मुलीला दोन वर्षं प्रयोगशाळेत पाहिलंय, त्यांच्या पत्राला वजन असतं. शिवाय एमकॅट या प्रवेश परीक्षेच्या चार भागांपैकी एक मानसशास्त्र-समाजशास्त्राचा आणि एक निव्वळ वाचून विचार करण्याचा. ते वाचन अशा कॉलेजात भरपूर होतं.

आता दुसरी बाजू. बरीचशी कॉलेजं लहान गावांत आहेत. शेजारी मोठं हॉस्पिटल नसतं, त्यामुळे डॉक्टरांसोबत राहून काम पाहायला लांब जावं लागतं किंवा सुट्टीची वाट पाहावी लागते. विषयांची निवड मर्यादित असते. मार्कही सहज मिळत नाहीत, आणि मेडिकलला मार्क बघतातच.

म्हणून कॉलेज बघायला जाल तेव्हा नुसतं नाव आणि रँकिंग पाहू नका. "आमच्या ऐंशी-नव्वद टक्के मुलांना मेडिकल मिळतं," असं कुणी सांगितलं तर विचारा, कशाचे टक्के? काही कॉलेजांत मेडिकलच्या अर्जासाठी समितीचं पत्र देतात. कच्च्या मुलांना काही ठिकाणी ते मिळत नाही, किंवा "यंदा थांब" म्हणतात. मग अर्ज करणारी मुलं आधीच निवडलेली असतात आणि आकडा छान दिसतो. पहिल्या वर्षी प्री-मेड म्हणून किती आले आणि शेवटी अर्ज कितींनी केला, हे दोन आकडे मागा. सांगायला टाळाटाळ झाली, तर काय समजायचं ते समजा.

इथून मुलं पाठवू पाहणाऱ्यांना एक कळकळीने सांगते. अमेरिकेचं नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड नसलेल्या विद्यार्थ्यांना तिथली बहुतेक मेडिकल स्कूल्स घेतच नाहीत. जी घेतात त्यांतली काही फीची मोठी रक्कम आधीच बाजूला ठेवायला लावतात, आणि तिथलं सरकारी शैक्षणिक कर्ज या मुलांना मिळत नाही. घर गहाण टाकण्याआधी एवढं पक्कं विचारून घ्या.

आणि शेवटचं. प्री-मेड म्हणून सुरुवात केलेली कितीतरी मुलं वाट बदलतात. त्यात कमीपणा नाही. डॉक्टर नाही झालं तरी ही चार वर्षं कामी येतील का, आणि तिथे मूल रमेल का, हे विचारूनच कॉलेज निवडा. मुलांनाही विचारा, शिकायचं त्यांना आहे.

सोसायटीला पंचवीस वर्षांच्या खूप खूप शुभेच्छा.