ताजमध्ये एक रात्र, आणि डबे करणारी आई

लोकलमध्ये असाल, जिममध्ये असाल, भांडी घासत ऐकत असाल, कुठेही असाल तरी आज मी तुम्हाला कुलाब्याला घेऊन जाणार आहे. अपोलो बंदरला. ताजमहाल पॅलेस हॉटेलमध्ये.

आणि सुरुवातीलाच एक गोष्ट निकालात काढू. 'ताज उलटा बांधलाय' हे तुम्ही ऐकलं असणारच. शाळेच्या सहलीत, नाहीतर गेटवेला फोटो काढून देणाऱ्या काकांकडून. गोष्ट अशी की गोऱ्या आर्किटेक्टने नकाशे काढले, तो विलायतेला गेला, परत येऊन बघतो तर काय, इथल्या लोकांनी इमारत उलटी उभी केलेली! तोंड समुद्राकडे हवं ते गावाकडे. मग म्हणे त्याने जीव दिला. कुणी सांगतं वरून उडी मारली, कुणी सांगतं समुद्रात मारली.

खोटं आहे हे. आणि नुसतं खोटं असतं तर सोडून दिलं असतं, पण मला त्याचा राग येतो.

कारण ताजचे मूळ नकाशे ज्यांनी केले त्यांचं नाव होतं रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य. त्यांच्यासोबत डी. एन. मिर्झा. हे वैद्य म्हणजे तेच, ज्यांनी व्ही.टी. स्टेशन उभं राहताना एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या हाताखाली असिस्टंट इंजिनिअर म्हणून काम केलं होतं. रोज सीएसएमटीला उतरून धावत सुटणाऱ्यांनो, हे नाव आधी ऐकलं होतं का? मीही नव्हतं. ताजचं काम पुरं होण्याआधीच वैद्य गेले, आणि पुढचं काम डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज इंजिनिअरने पूर्ण केलं. कंत्राटदार होते खानसाहेब सोराबजी रतनजी. आत घुमटाखाली तो प्रसिद्ध जिना आहे ना, मध्ये खांब नाही, आधार दिसत नाही, नुसता अधांतरी वर चढत जातो, तो त्यांच्या डोक्यातून आलेला.

आता तोंडाचं. हॉटेल उघडलं १६ डिसेंबर १९०३ ला. गेटवे ऑफ इंडिया पूर्ण झाला १९२४ मध्ये. म्हणजे आपण ज्याला ताजच्या समोरची बाजू म्हणतो, तिथे एकवीस वर्षं गेटवे नव्हताच! पाहुणे घोडागाडीतून यायचे, गावाच्या बाजूने. म्हणून दार तिकडे. आणि खोल्या समुद्राकडे, कारण वारा तिकडून येतो. एसी नसलेल्या मुंबईत वाऱ्यापेक्षा मोठी चैन कुठली? गाड्या ज्या अंगणात येऊन थांबायच्या, तिथे आता स्विमिंग पूल आहे.

आपल्याच माणसांनी विचार करून घेतलेला निर्णय, आणि आपण तो 'चूक' म्हणून पोरांना सांगतो. वर त्याचा हीरो कोण, तर कधी नसलेला एक गोरा साहेब.

असो. मुद्दा असा, की मागच्या वर्षी मी तिथे एक रात्र राहिले. आईला घेऊन.

माझी आई डोंबिवलीत डबे करते. बावीस वर्षं झाली. सकाळी साडेचारला उठते, नऊपर्यंत पंचवीस-तीस डबे भरून होतात. माझं इंजिनिअरिंग याच डब्यांवर झालं. मला नोकरी लागल्यापासून दर महिन्याला थोडे पैसे बाजूला टाकत होते, दोन वर्षं, फक्त या एका रात्रीसाठी. आकडा सांगणार नाही, कारण आई हा पॉडकास्ट ऐकते.

तुमच्यातले काही म्हणतील, एवढ्या पैशात तिला काशी झाली असती, गेला बाजार फ्रिज तरी आला असता. मान्य. पण फ्रिज आणला असता तर त्यात तिने डब्याचीच भाजी ठेवली असती.

बुकिंग करताना एक लक्षात ठेवा. तिथे दोन इमारती आहेत. जुनी ती पॅलेस विंग, आणि शेजारची उंच ती टॉवर, १९७३ ची. टॉवर साधारणपणे स्वस्त पडतो. पण मला जुन्या इमारतीतच झोपायचं होतं, म्हणून मी समुद्राची खोली सोडली आणि पॅलेसमध्ये पूलच्या बाजूची घेतली. मैत्रिणी म्हणाल्या, वेडी आहेस, ताजला जाऊन समुद्र नाही? अगं पण मूळ दर्शनी बाजू तीच! वैद्यांचं अंगण माझ्या खिडकीखाली होतं.

दारात बॅगा स्कॅन होतात, आपणही मशिनमधून जातो. आई तिथेच थबकली. चांगली इरकल नेसली होती, पण पिशवी मात्र कापडी, तिच्यात डब्याची चकली. मला हळूच म्हणाली, "अगं, आपल्यासारख्यांना घेतात ना आत?"

आता इथे सगळे ती वॉटसन्स हॉटेलची गोष्ट सांगतात. की जमशेटजी टाटांना वॉटसन्समध्ये 'फक्त गोऱ्यांसाठी' म्हणून अडवलं आणि त्या रागातून त्यांनी ताज बांधला. गोष्ट झकास आहे, पण इतिहासाचे बरेच अभ्यासक ती मानत नाहीत. मला त्याहून खरी गोष्ट जास्त आवडते. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग सापडला आणि मुंबई हादरली. लोक गाव सोडून पळत होते. या शहरात पैसा घालायला कोण तयार होणार? अशा वेळी हा साठीच्या जवळ आलेला माणूस समुद्रात भर घालून केलेली जमीन घेतो आणि म्हणतो, इथे हॉटेल बांधतो. विजेचे दिवे, पंखे, लिफ्ट, सगळं. उघडलं तेव्हा पहिल्या दिवशी पाहुणे किती? सतरा. आणि जमशेटजी पुढच्याच मे महिन्यात, १९०४ ला, जर्मनीत वारले. म्हणजे त्यांनी हे हॉटेल चालताना जेमतेम पाच महिने पाहिलं.

त्यांच्या बहिणीची एक आठवण सांगतात. भाऊ पोलादाचा कारखाना काढतोय, विज्ञानाची संस्था काढतोय, वीज तयार करायचं म्हणतोय, ते सगळं ठीक. पण हॉटेल? बहीण गुजरातीत म्हणाली, भटारखाना काढणार तू?

भटारखाना! मी हे आईला खोलीत बसून सांगितलं आणि ती एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "मला तुझ्या आत्याने हेच विचारलं होतं. शब्द वेगळा होता." शब्द कुठला ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पण बाबा गेल्यावर तिने डबे सुरू केले तेव्हा नातेवाइकांत काय काय बोललं गेलं, ते अर्धंमुर्धं मला माहीत आहे. परक्यांसाठी रांधणं म्हणजे खालच्या दर्जाचं काम, हे आपल्याकडे मोठ्या घरातही होतं आणि डोंबिवलीतल्या दोन खोल्यांतही आहे.

खोलीत काय होतं ते यूट्यूबवर शंभर व्हिडिओ आहेत, त्यात बघा. मऊ गाद्या, जाड टॉवेल. मी तुम्हाला सांगते ते व्हिडिओत नाही. माझ्या आईला सेवा करून घेता येत नाही. अजिबात! संध्याकाळी खोली आवरायला मुलगा आला तर ही त्याच्याबरोबर चादरीचं दुसरं टोक धरून उभी. तो बिचारा "मॅडम, राहू द्या, मी करतो," आणि ही "अरे दोघांनी केलं की लवकर होतं." मग बोलता बोलता कळलं, मुलगा सावंतवाडीकडचा, आणि आईचं माहेर कुडाळ. झालं! मॅडमची काकू झाली. कापडी पिशवीतली चकली बाहेर आली. तो म्हणाला, "काकू, ड्युटीवर खाता येत नाही." तर हिने कागदात बांधून दिली, घरी जाताना खा म्हणून.

संध्याकाळी आम्ही फिरलो. तिथे पाहुण्यांना हॉटेलचा इतिहास सांगत फिरवतात, तो हेरिटेज वॉक चुकवू नका. जिन्यापाशी जमशेटजींचा अर्धपुतळा आहे. भिंतींवर मोठमोठ्या चित्रकारांची चित्रं आहेत, अगदी आपल्या वासुदेव गायतोंडेंपर्यंत. आणि तिथेच कळलं की पहिल्या महायुद्धात या हॉटेलचं सहाशे खाटांचं हॉस्पिटल केलं होतं.

मग स्मारकापाशी आलो. २६/११ चं. एकतीस नावं आहेत, पाहुणे आणि कर्मचारी एकत्रच.

माझ्या वयाच्या ऐकणाऱ्यांना ते दिवस टीव्हीवरचे आठवत असतील, घुमटातून निघणारा धूर. मी शाळेत होते. आपण कमांडोंबद्दल बोलतो, बोललंच पाहिजे. पण ती जी नावं आहेत ना, त्यात स्वयंपाकघरातली माणसं आहेत. ज्यांना मागचे दरवाजे, सर्व्हिसचे जिने तोंडपाठ होते. सगळ्यांच्या आधी तेच बाहेर पडू शकले असते. त्यांनी आधी पाहुण्यांना काढलं. आणि त्या वेळचे जनरल मॅनेजर करमबीर कंग यांची बायको आणि दोन मुलं सहाव्या मजल्यावर होती, ती गेली, तरी ते लोकांना बाहेर काढत राहिले. टॉवर महिन्याभरात, २१ डिसेंबरलाच, पुन्हा उघडला. जुनी इमारत दुरुस्त होऊन उघडायला १५ ऑगस्ट २०१० उजाडला.

आई नावं वाचत होती. सावकाश, एकेक, ओठ हलवत, ती पोथी वाचते तशी. मग मला विचारलं, "यातले शेफ कुठले?" मला जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं. तिने हात जोडले आणि आम्ही पुढे गेलो. त्यावर नंतर काही बोलणं झालं नाही.

सी लाउंजमध्ये मात्र मजा. खिडकीत गेटवे, बोटी, आणि ताटलीत भेळ! आई प्रत्येक घास खाऊन मनातल्या मनात हिशोब करत होती, हे तिच्या भुवयांवरून कळत होतं. कुरमुरे किती, शेव किती, गॅस किती. शेवटी म्हणाली, "हे लोक जागेचे आणि वागण्याचे पैसे घेतात. भेळेचे नाही." एमबीएच्या फिया भरलेल्यांनी हे वाक्य लिहून घ्या.

रात्री ती झोपली का? साडेचारला उठली! सवय. डबे नव्हते, गॅस नव्हता, करायला काहीच नाही. खिडकीत खुर्ची ओढून बसली आणि खाली पाण्याकडे बघत राहिली. मी अर्धवट झोपेत विचारलं, काय करतेयस? म्हणाली, "काही नाही." बावीस वर्षांत साडेचार वाजता तिच्या तोंडून हे उत्तर मी पहिल्यांदा ऐकलं.

आता, तुमच्याकडे एवढे पैसे नसतील तर? राहायलाच पाहिजे असं काही नाही. चहा-कॉफीला जाता येतं, लॉबीत जाता येतं. बॅग स्कॅन करा आणि सरळ आत चला, दबकू नका. तेही परवडत नसेल तर एक फुकटचं काम सांगते. पुढच्या वेळी गेटवेला जाल तेव्हा सेल्फी काढून झाल्यावर इमारतीला वळसा घालून मागच्या गल्लीत जा आणि तिकडून वर बघा. आणि कुणी 'उलटा बांधलाय' म्हणालं तर त्याला रावसाहेब वैद्यांचं नाव सांगा.

आणि हो, डब्यांचं राहिलं. ताजहून आल्यावर पुढच्याच महिन्यात आईने दर वाढवला. डब्यामागे वीस रुपये. चार वर्षांत पहिल्यांदा. मी म्हटलं, गिऱ्हाइकं तुटतील गं. तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं. एकही डबा बंद झाला नाही.

तुमच्या घरात अशी कुणी खानावळवाली, डबेवाली, पोळ्या लाटून देणारी असेल तर तिच्याबद्दल मला व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात भेटू!