काढा आणि कसोटी
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



आजचा विषय गंभीर खरा, पण तो आपल्या घरातलाच आहे. घरात कोणाला अर्धांगवायूचा झटका आला की शेजारची एखादी काढा सुचवते, कोणी मुळीचे नाव सांगते. यामागची माया मी जाणते. परंतु एखादे औषध जुने आहे, एवढ्यावरूनच ते गुणकारी ठरते काय? चीनमधील वैद्यांनी हाच प्रश्न स्वतःला विचारला, म्हणून त्यांची हकीकत सांगते.

मेंदूतली रक्तवाहिनी फुटून रक्त साकळले, तर ते हलते करणाऱ्या वनस्पती द्याव्यात, असे चिनी वैद्यक मानते. अशा वनस्पतींचा एक पातळ अर्क तेथे वापरात होता. २०२१ ते २०२३ या काळात २६ रुग्णालयांतील १,६४८ रोग्यांवर त्याची परीक्षा झाली. निम्म्यांना खरे औषध आणि निम्म्यांना तसेच दिसणारे, पण औषध नसलेले द्रव. कोणाला काय द्यायचे हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरले, आणि ते रोग्यालाही ठाऊक नव्हते नि डॉक्टरलाही. बाकीचे उपचार सर्वांना सारखेच मिळाले. नव्वद दिवसांनी पाहिले, तर दोन्ही गटांची प्रकृती सारखीच! औषधाने अपाय वाढला नाही, पण गुणही आला नाही. २०२४ साली हा निकाल त्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात जसाच्या तसा जगापुढे ठेवला.

मग वनस्पतीत काही अर्थच नाही की काय? तसे मुळीच नव्हे. सर्पगंधेची मुळी आपल्या देशात पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रोग्यांना ती देऊन, त्यांचा रक्तदाब मोजून, १९४९ साली तो अनुभव प्रसिद्ध केला. तेव्हा जगाचे डोळे उघडले. १९५२ साली त्या मुळीतून ‘रिसर्पिन’ हे द्रव्य वेगळे काढण्यात आले आणि १९५७ साली डॉ. वकिलांना अमेरिकेचे लास्कर पारितोषिक मिळाले. पुढे त्या औषधाने मन खिन्न होत असल्याच्या तक्रारीही नोंदल्या गेल्या, आणि अधिक चांगल्या गोळ्या आल्यावर ते मागे पडले. कसोटीने गुण दाखविला, तसा दोषही दाखविला. सोने कसाला लावणे हा सोन्याचा अपमान नव्हे!

आता आपल्यापुरते बोलते. झटका दोन प्रकारचा असतो. एकात मेंदूतली वाहिनी गुठळीने बंद होते, दुसऱ्यात ती फुटते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. भेद कळतो तो सीटी स्कॅनवर. एकाला रक्त पातळ करणारी गोळी तारते, तीच दुसऱ्याला मारक ठरू शकते. म्हणून घरी अंदाजाने काहीही देऊ नये. शिवाय झटक्यात गिळण्याची शक्ती जाऊ शकते. मायेने पाजलेला काढा श्वासनलिकेत उतरू शकतो. त्या चिनी परीक्षेतही ज्यांना गिळता येत नव्हते, त्यांना औषध नाकातल्या नळीवाटे दिले होते.

तोंड वाकडे झाले, हात उचलेना, बोबडी वळली, की घड्याळ पाहावे, १०८ ला फोन करावा आणि रोग्याला संभाजीनगरला घाटीत न्यावे. वाहिनी फुटली असेल, तर पहिल्या काही तासांत रक्तदाब, साखर आणि ताप आटोक्यात आणल्याने रोगी अधिक चांगले सावरतात, हे भारतासह दहा देशांतील सात हजारांवर रोग्यांच्या परीक्षेत २०२३ साली दिसून आले. ते तास काढा उकळण्यात घालवू नका.

आणि झटका येण्याची वाट तरी का पाहावी? घरातल्या सर्वांचे ब्लडप्रेशर मोजून घ्या. आपले स्वतःचे आधी! बरे वाटते म्हणून गोळी सोडू नका, लोणच्या-पापडाला आवर घाला. वैद्याचे औषध चालू असेल, तर ते डॉक्टरांपासून लपवू नका.

आजीच्या बटव्याचा मान ठेवूया. पण त्यातले औषध रोग्याला देण्यापूर्वी ‘हे कोणी, कसे पारखले?’ एवढे विचारण्याची सवय लावून घेऊया.