ठासणीची बंदूक आणि कोर्टाची शिक्षा
(जिल्हा बैठकीतील भाषण)



आज भावाबद्दल बोलायचे नाही. भाव मिळण्याआधी पीक घरात यावे लागते, त्याबद्दल बोलायचे आहे.

ज्वारी दाण्यावर आली की आमची झोप जाते. रानडुकरांचा कळप एकदा वावरात शिरला की जेवढे खातो त्याच्या कितीतरी पट तुडवतो. रोही पऱ्हाटीचे शेंडे खुडतो, पात्या आणि बोंडे खातो. कोरडवाहू वावराला तारेचे कुंपण घालायला पैसा नाही. मग जागल करायची, डबे वाजवायचे, शेकोटी पेटवायची. काही घरांत याच कामासाठी आज्या-पणज्यापासून ठासणीची बंदूक आहे. नळीत दारू, वर चिंध्या, मग छरे, गजाने ठासायचे आणि टोपी लावून बार काढायचा. बहुतेक वेळा नुसत्या आवाजानेच कळप पळतो.

आता दुसरी बाजू पाहा. कापसाच्या भावासाठी आम्ही रस्त्यावर बसलो, गाड्या अडवल्या, तुरुंगात गेलो. आमच्यापैकी कितीतरी जणांवर खटले आहेत. काहींना शिक्षा झाल्या. मग बैठकीत प्रश्न येतो, "भाऊ, माझ्यावर केस आहे. माझी बंदूक जाईल का? मला परवाना मिळेल का?" चावडीवर याची दहा उत्तरे मिळतात आणि बहुतेक चुकीची असतात. चुकीच्या उत्तराने माणूस एक तर हक्क सोडून बसतो, नाही तर तुरुंगात जातो. म्हणून कायदा काय म्हणतो ते नीट समजून घेऊ.

हक्क काय आहे?

इंग्रजांनी १८७८ साली हत्यारांचा कायदा करून या देशातल्या माणसाच्या हातातून हत्यार काढून घेतले. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आला आणि १९६२ पासून लागू झाला. परवान्याची पद्धत राहिली. पण या कायद्यात शेतकऱ्यासाठी एक चांगली गोष्ट आहे आणि ती आम्हाला कोणी सांगत नाही. कलम १३, पोटकलम ३ म्हणते की पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी भारतीय नागरिकाने ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागितला, तर अधिकाऱ्याने तो द्यायचा आहे. "वाटले तर द्या" अशी ती भाषा नाही. नाकारायचा असेल तर कायद्यात दिलेले कारण लागते. ठासणीची बंदूक पुरेशी नाही असे अधिकाऱ्याला पटले, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देता येते.

कलम १४ आणखी एक गोष्ट सांगते. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावर परवाना नाकारता येत नाही. तीन एकरवाल्यालाही पीक राखायचा तेवढाच हक्क आहे.

"ठासणीची म्हणजे बंदूकच नव्हे"

हा पहिला गैरसमज. लोक म्हणतात, ही जुन्या काळची, काळ्या दारूची, हिला कशाला परवाना? आणि शिक्षा झालेल्यालाही ही चालते. कोणी परदेशातले ऐकून येतो. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात १८९८ पर्यंतच्या जुन्या बंदुका आणि फक्त काळ्या दारूवर चालणाऱ्या बऱ्याच ठासणीच्या बंदुका बंदुकीच्या व्याख्येतूनच वगळल्या आहेत. त्यामुळे शिक्षा झालेल्या माणसावरची तिथली केंद्रीय बंदी त्यांना लागत नाही. तिथेही काही राज्ये अडवतातच. पण तो अमेरिकेचा कायदा, आपल्या वावरात त्याचा उपयोग नाही.

आपल्या कायद्यात स्फोटकाच्या जोराने गोळी किंवा छरा फेकणारे कोणतेही हत्यार बंदूकच आहे. दारू काळी असो की पांढरी, पुढून ठासा की मागून काडतूस घाला. सूट फक्त एक आहे, कलम ४५ मध्ये. हत्यार जुनाट बनावटीचे, पुराणवस्तू म्हणून मोलाचे किंवा मोडलेले असेल आणि दुरुस्ती करूनही ज्यातून बार निघणार नाही असे असेल, तरच ते कायद्याबाहेर. घोडा तुटलेला आहे पण लोहाराने बसवला तर चालेल, अशी बंदूक या सुटीत बसत नाही. विनापरवाना बंदूक सापडली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ वर्षे आणि ५ वर्षांपर्यंत कैद आहे. आज्याची बंदूक आढ्याला टांगलेली आहे आणि परवाना आज्याबरोबर संपला, अशी घरे असतील त्यांनी हे ऐकून घ्यावे.

शिक्षा झाली तर काय?

आता मुद्द्याचे कलम, कलम ९. ते वयाची अट घालते, २१ वर्षे पुरी हवीत. आणि त्याशिवाय दोन प्रकारच्या माणसांना बंदूक बाळगायला मनाई करते.

पहिला प्रकार. ज्याला हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरवून कैदेची शिक्षा झाली, त्याला शिक्षा संपल्यापासून ५ वर्षे बंदूक बाळगता येत नाही. पूर्वी ही मनाई ६ महिने किंवा त्याहून जास्त कैद झालेल्यांनाच होती. १९८३ च्या दुरुस्तीने ती कितीही दिवसांच्या कैदेला लागू झाली. आठ दिवसांची कैद असली तरी पाच वर्षे.

या कलमातला शब्द न् शब्द महत्त्वाचा आहे. तो एकेक करून पाहू.

"दोषी ठरवून." नुसती फिर्याद म्हणजे शिक्षा नव्हे. अटक झाली, जामिनावर सुटलो, खटला चालू आहे, यातल्या कशानेही कलम ९ ची मनाई लागत नाही. केवळ खटला प्रलंबित आहे एवढ्यावरून परवाना रद्द करणे योग्य नाही, असे उच्च न्यायालयांनी अनेकदा म्हटले आहे. निर्दोष सुटलो, किंवा अपिलात शिक्षा रद्द झाली, तर ही मनाई उरत नाही.

"कैदेची शिक्षा." फक्त दंड झाला असेल तर हे कलम लागत नाही. आणि कोर्टाने शिक्षा न देता १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडले असेल, तर त्या कायद्याचे कलम १२ सांगते की दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रता अशा माणसाला लागत नाही. पहिलाच गुन्हा असेल तर वकिलाला हे विचारायला विसरू नका.

"हिंसा किंवा नैतिक अधःपतन." इथे आंदोलनातल्या माणसाने लक्ष द्यावे. पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा जमावबंदी हुकूम मोडला, रस्ता अडवला, यात हिंसा नाही. पण दंगलीचे कलम, जुने १४७ आणि १ जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेतले १९१, यात बळाचा किंवा हिंसेचा वापर गृहीतच आहे. सरकारी नोकरावर हल्ला, जुने ३५३ आणि आता १३२, तेही तसेच. रस्त्यावर बसलेल्या माणसाच्या कागदावर ही कलमे सहज येऊन बसतात. मग पाच-सात वर्षे तारखांना जाऊन माणूस कंटाळतो. कोर्टाच्या व्हरांड्यात कोणीतरी सांगतो, "कबूल करून टाक, थोडक्यात सुटशील." आणि आमचा माणूस न केलेली दंगल कबूल करून घरी येतो.

भावांनो, तारीख चुकवण्यासाठी दिलेली ती कबुली पुढची पाच वर्षे तुमच्या वावरात डुकरे सोडते. कबूल करण्याआधी वकिलाला तीन प्रश्न विचारा. कलम कोणते? कैद होणार की दंड? माझ्या परवान्याचे काय? उत्तर मिळाल्याशिवाय अंगठा किंवा सही करू नका.

चॅप्टर केस

दुसरा प्रकार यापेक्षा फसवा आहे. त्याला शिक्षा लागत नाही, गुन्हाही लागत नाही. शांतता राखण्याचे किंवा चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र लिहून द्यायचा हुकूम ज्याला झाला, त्याला त्या बंधपत्राची मुदत संपेपर्यंत बंदूक बाळगता येत नाही. हीच आपली चॅप्टर केस. जुने कलम १०७, आता नागरिक सुरक्षा संहितेचे १२६. आंदोलन जाहीर झाले की तहसील कचेरीतून याच नोटिसा निघतात. धुऱ्याच्या भांडणातही निघतात.

लक्षात ठेवा, नोटीस म्हणजे हुकूम नव्हे. नोटीस फक्त विचारते की तुमच्याकडून बंधपत्र का घेऊ नये. तुम्हाला उत्तर देण्याचा, साक्षीदार आणण्याचा हक्क आहे. चौकशी चालू असतानाही बंधपत्र मागता येते, पण त्याची कारणे लेखी द्यावी लागतात. "सगळेच सही करतात" म्हणून सही केली की या कलमाखाली वर्षभरापर्यंत बांधले गेलात. आणि त्या वर्षात घरात बंदूक सापडली तर परवान्याचा कागद वाचवत नाही.

वन्यजीव कायद्याची पाच वर्षे वेगळी

बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायचा परवाना नव्हे. रोही आणि रानडूक दोन्ही १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या यादीत आहेत. उभ्या पिकाला धोका आहे म्हणून मारायचे असेल तर वनखात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याचा लेखी हुकूम आधी लागतो. विनाहुकूम मारले आणि दोषी ठरलात, तर कलम ५१ खाली कोर्ट त्या बंदुकीचा परवाना रद्द करू शकते आणि दोषी ठरल्याच्या तारखेपासून ५ वर्षे नवा परवाना नाही असे सांगू शकते. दोन कायद्यांची मोजणी निराळी. शस्त्र कायद्यात शिक्षा संपल्यापासून, वन्यजीव कायद्यात दोषी ठरल्यापासून. अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत ज्यांची घरे आहेत त्यांना परवान्याची वनखात्याकडे नोंदणी करावी लागते, आणि नव्या परवान्याला वनखात्याची आगाऊ संमती लागते.

करायचे काय?

शिक्षा झाली, किंवा बंधपत्राचा हुकूम झाला, आणि घरात परवान्याची बंदूक आहे. मग ती कडब्याच्या गंजीत लपवायची नाही, मेव्हण्याच्या घरी ठेवायची नाही. कलम २१ प्रमाणे विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची. दारू आणि टोप्याही जमा करायच्या. पोहोच घ्यायची आणि जपून ठेवायची. जमा केली म्हणजे बंदूक गेली असे नव्हे. बाळगणे पुन्हा कायदेशीर झाले तर ती परत मागता येते, कायद्याने ज्याला चालते त्याला विकताही येते.

परवाना बापाच्या नावावर आणि शिक्षा मुलाला, असेही घडते. मुलाच्या शिक्षेने बापावर कलम ९ ची मनाई येत नाही. पण त्या मुलाच्या हाती जागलीला बंदूक देऊन बाप घरी झोपला, तर दोघेही अडकतील.

पाच वर्षे कशी मोजायची? समजा एखाद्याची कैद १० जून २०२१ रोजी पुरी झाली. १० जून २०२६ उलटल्यावर कलम ९ ची आडकाठी संपली. सुटकेचा कागद आणि निकालाची नक्कल जपून ठेवा. अर्जात जुनी शिक्षा लपवू नका. माहिती दडवून घेतलेला परवाना कलम १७ खाली रद्द होतो. खरे लिहा आणि सोबत नक्कल जोडा.

मुदत संपली तरी अधिकारी "अयोग्य माणूस" किंवा "सार्वजनिक शांतता" असे म्हणून नाकारू शकतो. पण त्याला कारण लेखी नोंदवावे लागते, आणि तुम्ही मागितले तर थोडक्यात द्यावेही लागते. ते लोकहिताचे नाही असे त्याचे मत असेल तरच तो देणे टाळू शकतो. म्हणून तोंडी "नाही" ऐकून परत येऊ नका. लेखी मागा आणि कलम १८ खाली मुदतीत अपील करा.

एक गोष्ट आमच्या बाजूनेही स्पष्ट सांगतो. ही बंदूक वावराच्या राखणीची आहे. ती मोर्चात येणार नाही, भाऊबंदकीत निघणार नाही, लग्नाच्या वरातीत वाजणार नाही. ज्याने खरोखर कोणाचे डोके फोडले त्याच्या हाती पाच वर्षे बंदूक नको, या नियमाला आमचा विरोध नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की, घामाचे दाम मागायला शांतपणे रस्त्यावर बसलेल्या माणसाला दंगलखोर ठरवायचे आणि मग त्याच कागदावर त्याची राखण काढून घ्यायची, हे चालणार नाही. कागदावरचा हा डाव कागदानेच मोडायचा आहे.

आज गावी परत गेल्यावर प्रत्येकाने आपल्या खटल्याचा कागद काढावा. कलम कोणते, तारीख कोणती, बंधपत्र आहे की नाही, हे पाहावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना गावातल्या शिकलेल्या पोरांनी वाचून दाखवावे. पुढच्या बैठकीला येताना ते कागद बरोबर आणा. वकील भावांना बसवून एकेक कागद तपासू. कणसे भरायच्या आत हे काम उरकले पाहिजे.