विचारलं तरच उत्तर मिळतं
(वळसंग येथील महिला मेळाव्यातील भाषण)

बायांनो, रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यात लिहिलं होतं : कामावर सहा वर्षांखालची पाच पोरं असली, की ती सांभाळायला एक बाई ठेवायची, तिलाही मजुरी द्यायची. मी माती उचलायची तेव्हा माझं लेकरू बांधावर उन्हात असायचं. नियमच ठाऊक नव्हता, विचारणार काय?

२०२४ मध्ये आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, आर्थिक दुर्बल घरांतल्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी माफ झाली. तुमच्या लेकीला मिळाली का?

अधिवेशनात आमदार तारांकित प्रश्न विचारतात, मंत्र्यांना उत्तर द्यावं लागतं. पण आपली अडचण त्यांना सांगणार कोण? ग्रामसभेआधी महिला सभा असते. पाळणाघर, काम, कॉलेज, तिन्हीचा ठराव लिहून घ्या. नक्कल आमदारांना द्या, पोच घ्या.