परिग्रहाची मर्यादा आणि ऋणाची मर्यादा

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पन्नास वर्षे एखादी संस्था निष्कलंक हिशेबाने चालवणे ही सोपी गोष्ट नाही. त्याबद्दल विश्वस्तांचे अभिनंदन करून मी विषयाकडे वळतो. मला ‘अपरिग्रह आणि आजचे अर्थजीवन’ असा विषय दिला होता. तत्त्वज्ञान सांगण्याचा माझा अधिकार नाही. तो आपल्या पंडितांचा व त्यागीगणांचा. माझे आयुष्य बँकेत कर्जाच्या फायली वाचण्यात गेले. तेव्हा त्या फायलींतून मला अपरिग्रहाविषयी जे उमगले, तेवढेच सांगतो.

आरंभ एका कबुलीने करतो. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत आम्हाला वैयक्तिक कर्जाचे उद्दिष्ट ठरवून दिले जाई. मार्चअखेर जवळ आली की कर्ज मागायला कोण येतो यापेक्षा कर्ज कोणाच्या गळी उतरवता येईल, याचाच विचार आम्ही करीत असू. अशाच एका मार्चमध्ये आपल्या समाजातील एक दुकानदार आले. ‘घरदुरुस्ती’ असे कारण लिहून त्यांनी चार लाखांचे कर्ज मागितले. कागद बरोबर होते, मी सही केली. दीड वर्षाने हप्ते थकले, तेव्हा मी त्यांच्या दुकानी गेलो. त्यांनी दुकानाचे दार ओढून घेतले आणि हळू आवाजात सांगितले, “साहेब, घर दुरुस्त केलेच नाही. पंचकल्याणक पूजेत बोली बोललो होतो. चारचौघांत शब्द गेला होता.”

त्या पूजेच्या मंडपात मीही बसलो होतो. बोली संपल्यावर टाळ्या वाजवणाऱ्यांत माझेही हात होते. हा प्रसंग सांगून मला कोणाच्या भक्तीला बोल लावायचा नाही. पण त्या दिवसापासून एक प्रश्न मनातून जात नाही. अपरिग्रहाचा उपदेश करणाऱ्या तीर्थंकरांच्या पूजेसाठी एका गृहस्थाने व्याजाने पैसे काढले, मी ते दिले, आणि आपण सर्वांनी टाळ्या वाजवल्या. यात चुकले कोण?

आपल्या आचार्यांनी गृहस्थाला सर्वस्वत्याग सांगितलेला नाही. श्रावकासाठी परिग्रह-परिमाण सांगितले आहे. शेत, घर, सोने, चांदी, धन, धान्य, भांडीकुंडी अशा प्रत्येक वस्तूची मर्यादा आपणच ठरवायची आणि ती पाळायची. उमास्वामींनी परिग्रहाची व्याख्या वस्तूंवरून केली नाही, आसक्तीवरून केली. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात या व्रताचे पाच अतिचार दिले आहेत : अतिवाहन, अतिसंग्रह, अतिविस्मय, अतिलोभ आणि अतिभारवहन. यातील विस्मय म्हणजे दुसऱ्याचे वैभव पाहून मनात चुटपुट लागणे. आजची सारी जाहिरातबाजी या एका अतिचारावर उभी आहे. आणि अतिभारवहन म्हणजे लोभाने मुक्या जनावरावर शक्तीबाहेर ओझे लादणे. आज आपल्यापैकी बहुतेकांच्या दारी बैल उरलेला नाही. हप्त्यांचे ओझे आपण लादतो ते स्वतःच्या पाठीवर, आणि आपल्यामागे मुलांच्या पाठीवर.

त्या प्राचीन यादीत कर्जाचा उल्लेख नाही, कारण ती यादी आपल्याजवळ असलेल्या वस्तूंची आहे. जवळ नसलेल्या पैशाने वस्तू घरात आणण्याची एवढी सोय तेव्हा नव्हती. आज ती खिशातल्या भ्रमणध्वनीवर आहे. म्हणून माझी नम्र सूचना अशी की, आजच्या श्रावकाने परिग्रह-परिमाणाबरोबर ऋण-परिमाणही करावे. ते का, हे दोन हिशेबांवरून सांगतो.

पहिला हिशेब क्रेडिट कार्डाचा. अनेक कार्डांवर थकीत रकमेला महिना साडेतीन टक्के व्याज लागते. हा आकडा लहान वाटतो. वर्षाचे साधे व्याज ४२ टक्के होते आणि चक्रवाढीने ते ५१ टक्क्यांच्या वर जाते. एखाद्याचे १ लाख रुपये थकले, तर महिन्याचे व्याज ३,५०० रुपये आणि त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर ६३० रुपये. त्याने मोठ्या कष्टाने ५,००० रुपये भरले तरी मुद्दल कमी होते फक्त ८७० रुपयांनी. ‘किमान देय रक्कम’ हे शब्द पाहून तो निश्चिंत होतो. प्रत्यक्षात त्याने फक्त व्याजाची चाकरी केलेली असते. ‘शून्य टक्के व्याज’ या शब्दांचेही तसेच. शून्य टक्के व्याज अशी गोष्ट अस्तित्वात नसते, हे रिझर्व्ह बँकेनेच सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना बजावले होते. ते व्याज प्रक्रिया शुल्कात किंवा गमावलेल्या सवलतीत लपलेले असते.

दुसरा हिशेब घरकर्जाचा. समजा, ३५ वर्षांच्या गृहस्थाने २०२० मध्ये ७ टक्के बदलत्या दराने ३० लाखांचे कर्ज २० वर्षांसाठी घेतले. हप्ता सुमारे २३,२६० रुपये. दोन वर्षांनी शिल्लक मुद्दल सुमारे २८ लाख ५२ हजार. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या अवघ्या दहा महिन्यांत रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ वरून साडेसहा टक्क्यांवर नेला. त्याचा दर साडेनऊ टक्के झाला आणि बँकेने हप्ता तोच ठेवला, तर महिन्याचे व्याजच सुमारे २२,५८० रुपये होते. मुद्दलात जमा होतात जेमतेम ६८० रुपये. उरलेली १८ वर्षे त्या दराने ३७ वर्षांहून अधिक होतात. पंचावन्नाव्या वर्षी फिटणारे कर्ज पंचाहत्तरीच्या दाराशी जाते. अनेकांना हे कळलेच नाही, कारण हप्ता बदलला नव्हता. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने आदेश काढला की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारावे. आदेश योग्य होता, पण तो निघाला तेव्हा दरवाढ पूर्ण होऊन सहा महिने झाले होते.

येथे आपल्या समाजाच्या इतिहासाचे एक पान उघडणे मला आवश्यक वाटते, ते कडू असले तरी. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. दख्खनच्या त्या दंग्यांनंतर १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा आला आणि रोख्यामागील खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. त्या सावकारांत गुजर होते, मारवाडी होते, आणि त्यांत आपले धर्मबांधवही होते. हे नाकारून चालणार नाही. परंतु त्या काळीही मुंबई इलाख्यात दामदुप्पटचा नियम होता. एका वेळी वसूल होणारे व्याज मुद्दलाहून अधिक असू नये, अशी ती मर्यादा. आज १९४९ च्या बँकिंग नियमन कायद्यातील कलम २१-अ अन्वये, बँकेने लावलेले व्याज अवाजवी आहे एवढ्याच कारणावरून न्यायालयाला तो व्यवहार पुन्हा उघडता येत नाही. कार्डावरील ३० टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित प्रथा आहे, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो डिसेंबर २०२४ मध्ये रद्द ठरवला. न्यायालयाने कायदा आहे तसा वाचला. माझा प्रश्न कायदा करणाऱ्यांना आहे. गावच्या सावकाराला जी लगाम हवी वाटली, ती वातानुकूलित कार्यालयातील सावकाराला का नको?

आता राज्यकर्त्यांच्या धोरणाविषयी. मी कोणत्याही पक्षाचा नाही, आणि हे व्यासपीठही त्यासाठी नाही. परंतु काटकसर हा ज्या समाजाचा कुळाचार आहे, त्याने आपली व्यथा बोलून दाखवली पाहिजे. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचा दर जानेवारी २००० पर्यंत १२ टक्के होता. तेव्हा महागाईही मोठी होती, हे मान्य. एप्रिल २०२० पासून तो ७.१ टक्क्यांवर आला आणि पाच वर्षांहून अधिक काळ तेथेच राहिला. ३१ मार्च २०२१ च्या रात्री तर तो ६.४ टक्के केल्याचे जाहीर झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, आदेश नजरचुकीने निघाला असे सांगून तो मागे घेतला गेला. कोट्यवधी बचतदारांच्या पोटाचा प्रश्न नजरचुकीने सुटतो आणि नजरचुकीने अडतो, हे पाहून मन विषण्ण झाले. त्याच २०२०-२१ मध्ये किरकोळ महागाई ६ टक्क्यांच्या वर होती आणि मोठ्या बँकांत एक वर्षाच्या ठेवीला ५ टक्क्यांच्या आसपास व्याज मिळत होते. निवृत्त माणसाची ठेव वाढत होती ती कागदावर. तिची किंमत घटत होती.

पूर्वी मार्च आला की करसवलतीसाठी का होईना, मध्यमवर्गीय माणूस ८०-सी कलमाखाली दीड लाखापर्यंत बाजूला टाकत असे. २०२३-२४ पासून नवी करप्रणाली हाच मुख्य मार्ग ठरला आणि त्यात ही सवलत नाही. २०२५ च्या अर्थसंकल्पाने त्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त केले. त्याचे मी स्वागतच करतो. त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून वस्तू व सेवा कराचे दर उतरले, वैयक्तिक आयुर्विमा व आरोग्यविमा करमुक्त झाला, हेही चांगले झाले. परंतु त्या करकपातीला ‘बचत उत्सव’ असे नाव दिले गेले, तेव्हा मला थोडे हसू आले आणि थोडे वाईट वाटले. स्वस्त झालेली वस्तू विकत घेणे म्हणजे खर्च. न घेणे म्हणजे बचत. भाषेतला हा भेद पुसला गेला की मुलांना काटकसर शिकवायची कोणत्या शब्दांनी? देशातील कुटुंबांची निव्वळ वित्तीय बचत २०२०-२१ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या ११ टक्क्यांवर होती. करोनाकाळातील ती वाढ अपवादात्मक होती, हे खरे. पण २०२२-२३ मध्ये ती सुमारे ५ टक्क्यांवर आली, आणि हा जवळपास पाच दशकांतील नीचांक होता.

सरकारचा स्वतःचा संयमही पाहावा. २००३ साली संसदेने वित्तीय उत्तरदायित्वाचा कायदा केला आणि तूट ३ टक्क्यांपर्यंत आणण्याचे व्रत घेतले गेले. २००७-०८ मध्ये ते पाळलेही गेले. पुढे जागतिक मंदी आली, करोना आला. संकटात नियम शिथिल होतो, हे आपल्या धर्मालाही मान्य आहे. पण प्रायश्चित्त घेऊन व्रतावर परत यावे लागते. २०२५-२६ साठीही तुटीचे उद्दिष्ट ४.४ टक्केच होते, आणि केंद्राच्या खर्चातील दर चार रुपयांपैकी सुमारे एक रुपया व्याजात जाणार होता. हप्त्यांवर जगणारे घर आणि हप्त्यांवर चालणारे राज्य यांचे दुखणे एकच आहे.

या ठिकाणी अण्णासाहेब लठ्ठे यांचे स्मरण होते. १९३७ साली मुंबई इलाख्यात पहिले काँग्रेस मंत्रिमंडळ आले तेव्हा अर्थखाते त्यांच्याकडे होते. त्या मंत्रिमंडळाने दारूबंदीसाठी अबकारी उत्पन्नावर पाणी सोडण्याचे धोरण स्वीकारले. ते कितपत यशस्वी झाले यावर मतभेद असतील. पण प्रजेच्या व्यसनावर तिजोरी भरू नये, हा विचार एका श्रावकाने अर्थमंत्री म्हणून वागवला, हे आपण विसरू नये. कर्जावर चैन करणे हेही एक व्यसनच आहे.

सर्व कर्ज वाईट, असे मात्र मी म्हणत नाही. याच ट्रस्टच्या वसतिगृहात राहून, शैक्षणिक कर्ज काढून अनेक मुले उभी राहिली. जे कर्ज कमावण्याची ताकद वाढवते, ते शिडी आहे. जे मिरवण्यासाठी काढले जाते, ते ओझे आहे.

आता सरकारची धोरणे आपल्या हातात नाहीत. आपले घर आहे. म्हणून चार विनंत्या करतो. पहिली, सर्व हप्ते मिळून मासिक मिळकतीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त होऊ देणार नाही, आणि लग्न, सहल व समारंभ यांसाठी व्याजाने पैसा काढणार नाही, असा नियम प्रत्येक कुटुंबाने या चातुर्मासात घ्यावा. दुसरी, कर्ज घेताना बँकेकडून मिळणारे मुख्य तथ्यपत्रक वाचल्याशिवाय सही करू नये. सर्व शुल्कांसह वार्षिक दर त्यात लिहिलेला असतो. बदलत्या दराचे वैयक्तिक घरकर्ज मुदतीपूर्वी फेडायला दंड लागत नाही, हेही ध्यानात ठेवावे. तिसरी, एका बँकेत व्याजासह ५ लाखांपर्यंतच ठेव विम्याने सुरक्षित असते. आयुष्याची पुंजी एकाच ठिकाणी ठेवू नये.

चौथी विनंती विश्वस्तांना. आपल्या मंदिरात व पूजेत बोलीची रक्कम जाहीर न करता, बंद पाकिटात गुप्तदान स्वीकारण्याचा विचार व्हावा. आणि ज्यांचे हप्ते थकले आहेत, त्यांना दार ओढून न घेता बोलता येईल, असा एक सल्ला कक्ष ट्रस्टने सुरू करावा. त्यासाठी आठवड्यातून दोन दिवस बसायला मी तयार आहे.

त्या दुकानदार बंधूंचे कर्ज पुढे फिटले. त्यांच्या पत्नीच्या बांगड्या त्यात गेल्या. ते आजही मंदिरात भेटतात, मला जय जिनेंद्र करतात, आणि त्यांच्या मनात माझ्याविषयी राग नाही. माझ्या मनातला माझ्यावरचा राग मात्र अजून पुरता गेलेला नाही. आज या व्यासपीठावरून बोललो तो त्याचाच थोडा परतावा समजावा.

बोलण्यात कोणाचे मन दुखावले असल्यास क्षमा मागतो. जय जिनेंद्र.