हृदयविकारानंतरची वाटचाल

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला कर्ता माणूस घरी परतला, की घरची मंडळी त्याला खाटेवरून हलू देत नाहीत. माया खरी, पण नुसते पडून राहिल्याने अंगातले बळ जाते आणि मनही खचते. पूर्वी डॉक्टरदेखील रोग्याला कित्येक आठवडे निजवून ठेवीत. १९५२ साली अमेरिकेतील डॉ. लेव्हाइन व डॉ. लाऊन यांनी रोग्यांना लवकर खुर्चीत बसवावे, असे मांडले. १९५५ साली अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना झटका आला. तरी बरे होऊन ते कामावर परतले आणि १९५६ साली पुन्हा निवडूनही आले.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही काय करावे? डॉक्टरांना विचारून सपाट वाटेवर पाच-दहा मिनिटे चाला, मग हळूहळू वाढवा. चालताना बोलता आले पाहिजे. धाप लागली, तर वेग कमी करा. छातीत दुखले, दरदरून घाम फुटला, तर तिथेच थांबा आणि ताबडतोब दवाखाना गाठा. डॉक्टर सांगेपर्यंत पोती उचलू नका. बरे वाटले म्हणून गोळ्या सोडू नका. सोडायची ती विडी-तंबाखू, अन् तीही कायमची. लोणचे-पापड बेतानेच.

यालाच हृदय-पुनर्वसन म्हणतात. गुरुजी, एवढे गावात समजावून सांगा. आणि घरच्यांनो, त्याला बसवून ठेवण्यापेक्षा रोज त्याच्याबरोबर चार पावले चाला.